मिश्रणाचे बळ : पित्तरसातील मायसेलांची कथा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पद्मनाभपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी साहित्य, संगीत आणि इतिहास यांवर बोलणारे वक्ते शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीत रसायनशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकाला संयोजकांनी का बसविले, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही. विषय निवडण्याची मोकळीक मात्र त्यांनी आम्हांस दिली, आणि त्या संधीचा लाभ घेऊन एक जुने ऋण फेडावयाचे आम्ही ठरविले. हे ऋण एका उत्तराचे आहे. प्रश्न विचारला होता आमच्या मातोश्रींनी, १९८७ साली.

मातोश्री अमरावती सोडून आमच्याकडे दुर्गला राहावयास आल्या, त्याला तेव्हा काही वर्षे झाली होती. पुरणपोळीवर तुपाची धार पडली की दोन-तीन तासांनी, बहुधा रात्री, त्यांच्या उजव्या बरगडीखाली कळ उठे आणि पाठीत, खांद्याच्या पात्यापर्यंत जाई. घरात त्या कळेला एकच नाव होते : पित्त. आमसुलाचे सार, आल्याचा रस, खाण्याचा सोडा असे उपचार चालत. कळ ओसरे, आणि ती ओसरली म्हणून आम्ही निश्चिंत होत असू. एके दिवशी डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप भरला, तेव्हा कोठे आम्ही इस्पितळ गाठले. पित्ताशयातला एक खडा निसटून मुख्य पित्तनलिकेत अडकला होता. त्या काळी शस्त्रक्रिया म्हणजे पोटावर वीतभर छेद. त्या तीन आठवडे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांतले पहिले चार दिवस कसे गेले ते आमचे आम्हांसच ठाऊक. बऱ्या झाल्यावर शल्यविशारदांनी दिलेली खड्यांची बाटली त्यांनी उजेडात धरली आणि आपल्या वऱ्हाडीत विचारले, "तू पोराइले साबनाचं शास्त्र शिकवतं ना? मंग माह्या पोटातले हे खडे काहून नाही इरघयले?"

वीस वर्षे आम्ही फळ्यावर साबणाचा रेणू काढीत आलो होतो, आणि घरातल्या दुखण्याशी त्याचे नाते आमच्या ध्यानात आले नव्हते. मातोश्रींना आम्ही उत्तर दिले ते तुकड्यातुकड्यांनी. सलग सांगणे राहून गेले. आज त्या नाहीत. तेव्हा त्यांना सांगावयाचे ते आपणांस सांगतो.

आरंभ दिवाळीच्या अभ्यंगस्नानाने करू. अंगाला तेल चोपडले आणि नुसते पाणी ओतले तर पाणी ओघळून जाते, तेल जागच्या जागी राहते. शिकेकाई, रिठा किंवा साबण लावला की तेच तेल पाण्याबरोबर निघून जाते. साबणाच्या रेणूचे डोके जलस्नेही आणि शेपूट जलद्वेष्टे. पाण्यात असे रेणू थोडे असतील तोवर ते सुटेसुटे हिंडतात. परंतु त्यांची संहती एका ठराविक मर्यादेपलीकडे गेली की ते एकत्र येतात, शेपट्या आत लपवितात आणि डोकी बाहेर, पाण्याकडे ठेवतात. अशा गोलकाला मायसेल म्हणतात. ही कल्पना इंग्लंडमधील रसायनज्ञ जेम्स मॅकबेन यांनी १९१३ साली मांडली. मायसेलाच्या आतल्या तेलकट पोकळीत तेलाचा अंश शिरून बसतो आणि पाण्यात मिसळल्यासारखा वाहत जातो. साबणाचे सारे शास्त्र एवढेच.

आता हाच प्रश्न शरीरासमोर मांडा. कोलेस्टेरॉल हा पदार्थ पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे. त्याचे नावच मुळी ग्रीक भाषेतील 'पित्त' आणि 'घन' या शब्दांवरून पडले, कारण तो प्रथम सापडला तो पित्ताशयातल्या खड्यांत. शरीरातून तो बाहेर काढावयाचा मुख्य मार्ग म्हणजे यकृतातून पित्तरसात आणि पित्तरसातून आतड्यात. पित्तरस तर बहुतांशी पाणीच. मग या पाण्यातून हा न विरघळणारा प्रवासी न्यावा कसा?

यकृताने या प्रश्नाचे उत्तर काढले ते कोलेस्टेरॉलपासूनच. कोलेस्टेरॉलच्या रेणूत काही फेरफार करून यकृत पित्ताम्ले तयार करते, त्यांना ग्लायसीन किंवा टॉरीन यांची जोड देते, आणि पित्तक्षार सिद्ध होतात. पित्ताम्लांवरील संशोधनाबद्दल जर्मनीच्या हाइनरिख वीलांड यांना १९२७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की त्यांनी मांडलेली रेणूची रचना चुकीची होती. ती १९३२ साली दुरुस्त झाली.

पित्तक्षाराचा रेणू साबणाच्या रेणूसारखा डोके-शेपटीचा नाही. तो चार वलयांची एक ताठ, चपटी पट्टी आहे. तिची एक बाजू तेलकट, तर दुसऱ्या बाजूला पाण्याशी जमवून घेणारे गट. पोळीला एकाच अंगाने तूप लावावे, तसा हा प्रकार. रिठ्यातले फेसाळ द्रव्यही अशाच वलयांच्या सांगाड्याचे आहे, हे येथे नमूद करण्यासारखे. अशा चपट्या रेणूंना मोठा गोलक रचता येत नाही. साबणाच्या एका मायसेलात पन्नास-साठ किंवा अधिक रेणू असतात. पित्तक्षारांच्या मायसेलात मोजके, बहुधा दहाच्या आत. एवढ्याशा झोपडीत कोलेस्टेरॉलला जागा ती किती मिळणार?

येथे दुसरा घटक पुढे येतो : फॉस्फोलिपिड, आणि त्यातही मुख्यत्वे लेसिथिन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सचे तेओदोर गोब्ली यांनी ते अंड्याच्या बलकातून वेगळे केले. लेसिथिनला एक डोके आणि दोन लांब शेपट्या असतात. या दोन शेपट्यांच्या जाडीमुळे लेसिथिन एकट्याने मायसेल करू शकत नाही. ते पाण्यात दुपदरी पापुद्रे रचते, आणि ते पापुद्रे मिटून सूक्ष्म पोकळ फुगे होतात. आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण अशाच दुपदरी पापुद्र्याचे आहे.

म्हणजे एकीकडे पित्तक्षार : चपळ, पण जागा तोकडी. दुसरीकडे लेसिथिन : जागा ऐसपैस, पण पाण्यात सुटे होऊन वावरण्याची ताकद नाही. दोघे एकत्र आले की पित्तक्षार लेसिथिनच्या पापुद्र्यात शिरतात, त्याचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याच्या उघड्या पडलेल्या तेलकट कडा स्वतःच्या अंगाने झाकतात. असा जो कण निर्माण होतो तोच संमिश्र मायसेल. त्यात कोलेस्टेरॉलला जी जागा मिळते ती नुसत्या पित्तक्षारांच्या मायसेलात मिळणाऱ्या जागेच्या कितीतरी पट अधिक असते. पित्तरसातील घन भागाचे शंभर वाटे केले तर साधारणपणे सदुसष्ट वाटे पित्तक्षारांचे, बावीस फॉस्फोलिपिडांचे आणि चार कोलेस्टेरॉलचे भरतात. चार वाटे वाहून नेण्यासाठी एवढा मोठा लवाजमा!

या कणाचा आकार कसा, यावर शास्त्रज्ञांत बराच खल झाला. अमेरिकेच्या डोनाल्ड स्मॉल यांनी १९६७ साली चकतीची कल्पना मांडली : मध्ये लेसिथिनचा दुपदरी पापुद्रा आणि कडेने पित्तक्षारांची किनार. पुढे १९८० साली मेझर, बेनेडेक आणि केरी यांनी प्रकाशाच्या विकिरणाने हे कण मोजले, तेव्हा एक नवल दिसले. विद्राव पाणी घालून पातळ केला की हे कण लहान होण्याऐवजी मोठे होत जातात. कारण असे की पाणी वाढले म्हणजे किनारीचे पित्तक्षार सुटून पाण्यात जातात, उरलेल्यांना सगळी कड झाकता येत नाही, म्हणून तुकडे एकमेकांना जोडून कडांची लांबी कमी करतात. अखेर ते मिटून पुन्हा फुगे होतात. न्यूट्रॉन-किरणांच्या साहाय्याने नंतर झालेल्या अभ्यासांतून चकतीऐवजी काठीसारखे लांबट कणही असतात असे दिसून आले. चित्र बदलले, तरी सिद्धान्त तोच राहिला : झाकणारा आणि सामावणारा या दोघांच्या प्रमाणावर सारे अवलंबून.

'प्रमाण' हा शब्द भिलाईकरांना नव्याने समजावून देण्याची गरज नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले, तेव्हापासून येथील कित्येक घरांतल्या कर्त्या माणसांनी स्लॅगचा त्रिकोण पाहिलेला आहे. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर चुना, सिलिका आणि ॲल्युमिना. आतला प्रत्येक बिंदू म्हणजे त्या तिघांचे एकेक प्रमाण. बिंदू कोठे पडतो त्यावरून स्लॅग पातळ वाहणार की गोठणार, ते कळते. ॲडमिरँड आणि स्मॉल यांनी १९६८ साली नेमका असाच त्रिकोण पित्तरसासाठी वापरला. कोपऱ्यांवर पित्तक्षार, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल. आत एक छोटासा प्रदेश, जेथे सर्व काही मायसेलांत सामावते. निरोगी माणसांच्या पित्तरसाचे बिंदू त्या प्रदेशात पडले. कोलेस्टेरॉलचे खडे असलेल्यांचे बिंदू त्याच्या सीमेवर किंवा बाहेर. भट्टीचे गणित पोटात उतरले!

पुढे अधिक काटेकोर मोजमापे झाली. सीमारेषा समजत होते त्याहून आत सरकली, आणि अनेक निरोगी माणसांचा पित्तरसही वेळोवेळी अतिसंपृक्त असतो असे १९७३ साली आढळले. म्हणजे नुसते प्रमाण बिघडणे पुरेसे नाही. पाकात साखर जास्त झाली तरी लगेच स्फटिक धरत नाहीत. त्यात एखादा कण पडला, की साखर धरते. तसेच पित्ताशयाचे. ते नीट आकुंचन पावेनासे झाले, आत चिकट द्रव्य साठले, आणि वेळ मिळाला की कोलेस्टेरॉलने भरलेले फुगे एकमेकांना बिलगतात, त्यांतून स्फटिक निघतात आणि स्फटिकांचे खडे होतात. झपाट्याने वजन उतरविणाऱ्यांना खड्यांचा धोका वाढतो, त्याचे कारणही बरेचसे येथेच आहे.

मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. खड्यांच्या भोवती साबण होता. पण तो भरलेला साबण होता. ज्या पित्तरसातून खडा पडला, त्याच पित्तरसात तो पुन्हा विरघळणार कसा? पाकाच्या तळाशी बसलेली साखर त्याच पाकात विरत नाही.

मग पित्तक्षारच अधिक असते तर? येथे निसर्गाची दुसरी खबरदारी ध्यानात घ्यावी लागते. पित्तक्षार हे कडक प्रक्षालक आहेत. मोकळे सुटले तर ते पेशींची आवरणेही विरघळवितात. १९९३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी असे उंदीर तयार केले की ज्यांचे यकृत पित्तरसात फॉस्फोलिपिड सोडूच शकत नव्हते. त्या उंदरांच्या पित्तनलिका आणि यकृत पित्तक्षारांनी पोळून निघाले. माणसांतही त्याच जातीच्या जनुकात दोष असू शकतो. काही बालकांत त्यामुळे यकृताचा गंभीर आजार होतो. काही तरुण माणसांना चाळिशीच्या आत खडे होतात आणि पित्ताशय काढल्यावरही त्रास परत येतो. तेव्हा लेसिथिन केवळ जागा देत नाही, ते आपल्या सोबत्याची धारही बोथट करते. घरात कोणाला असा लहान वयात, पुनःपुन्हा त्रास होत असेल, तर तज्ज्ञांना ही गोष्ट अवश्य विचारावी.

पित्तरस आतड्यात उतरल्यावर त्याचे खरे काम सुरू होते. वरणभातावरचे तूप स्वादुपिंडाच्या रसाने फुटते. त्यातून सुटलेली मेदाम्ले संमिश्र मायसेलांत शिरतात आणि आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. ॲलन हॉफमन आणि बेंग्ट बोर्गस्ट्रॉम यांनी १९६४ साली माणसाच्या आतड्यातील द्रव घेऊन त्यातला तेलाचा थर आणि मायसेलांचा थर वेगळे करून हे दाखविले. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे याच वाहनातून जातात. म्हणून गाजर किंवा पालक थोड्या स्निग्ध पदार्थाबरोबर खाण्याची आपली रीत शास्त्रशुद्ध आहे. भिंतीपाशी माल उतरला की पित्तक्षार पुढे जातात आणि लहान आतड्याच्या अखेरीस त्यांपैकी सुमारे ९५ टक्के शोषले जाऊन यकृताकडे परततात. शरीरातला त्यांचा एकूण साठा दोन ते चार ग्रॅम, आणि तो दिवसातून सहा ते दहा फेऱ्या मारतो. एवढी काटकसर आमच्या मातोश्रींच्या स्वयंपाकघरातच काय ती आम्ही पाहिली.

या शास्त्राचे एक फळ मराठी मुलखात धरले, ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचे औषध पाण्यात विरघळत नाही. १९५० च्या दशकापासून ते डिऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या साहाय्याने शिरेतून देत आले. गुण येई, पण मूत्रपिंडांना इजा होई. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांचे सहकारी यांनी, दिल्ली विद्यापीठातील प्रा. बिमल कुमार बछावत यांच्या सहकार्याने, तेच औषध लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांच्या फुग्यांत भरून त्याचे भारतीय रूप सिद्ध केले. असे फुग्यांतले औषध मूत्रपिंडांना पुष्कळच सोसवते. २०२१ साली करोनापाठोपाठ काळ्या बुरशीची साथ महाराष्ट्रात पसरली, तेव्हा ॲम्फोटेरिसिनच्या एकेका कुपीसाठी लोक वणवण फिरले, हे आपणांपैकी अनेकांच्या नातलगांनी अनुभवले असेल. ज्या लेसिथिनची आणि कोलेस्टेरॉलची आपण कथा ऐकतो आहोत, तीच जोडी तेथे कित्येकांच्या प्राणांसाठी उभी होती.

आता थोडे व्यवहाराचे. खडे औषधाने विरघळविता येतात काय? १९७२ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी कीनोडिऑक्सिकोलिक आम्ल पोटातून देऊन काही रुग्णांचे खडे विरघळल्याचे दाखविले. पुढे त्याहून सौम्य असे उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल प्रचारात आले. यकृतातून पित्तरसात येणारे कोलेस्टेरॉल त्याने कमी होते, म्हणजेच भरलेल्या साबणात जागा मोकळी होते. परंतु खडा लहान हवा, कोलेस्टेरॉलचा हवा, चुना न धरलेला हवा, पित्ताशय कार्यक्षम हवे. महिनोन्‌महिने औषध घ्यावे लागते, आणि पुष्कळांना खडे पुन्हा होतात. म्हणून त्रास देणाऱ्या खड्यांवर शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय राहिला आहे. ती आता मातोश्रींच्या काळासारखी राहिलेली नाही. १९९० साली डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी मुंबईत दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली, आणि वीतभर छेदाच्या जागी बोटभर छिद्रे आली. पित्ताशय काढल्यावर तूप कायमचे वर्ज्य असा समजही खरा नव्हे. पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात तो नुसता साठतो.

दुसरी गोष्ट या प्रदेशाची. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही भागांत सिकलसेलचा आजार आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि रंगद्रव्याचे काळे खडे लहान वयातही होतात. ते कोलेस्टेरॉलचे नसल्यामुळे पित्ताम्लांच्या औषधाने विरघळत नाहीत. सगळे खडे एका जातीचे नसतात, हे पक्के ध्यानी ठेवावे.

तिसरी गोष्ट, तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडण्याच्या उपायाची. तो उपाय केल्यावर हिरवट मऊ गोळ्या पडतात आणि माणसे हर्षून जातात. २००५ साली न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी अशा गोळ्या तपासल्या. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हते, रंगद्रव्य नव्हते, चुना नव्हता. होती ती मेदाम्ले. प्यालेल्या तेलाचाच आतड्यात साबण झाला होता! खडे होते तेथेच राहिले. आम्ही सोड्यावर जसे दिवस घालविले, तसे कोणी या गोळ्यांवर घालवू नयेत. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली पुनःपुन्हा कळ येत असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. डोळे पिवळे झाले आणि ताप आला तर एक रात्रही वाट पाहू नये. या व्याख्यानातून एवढेच एक वाक्य आपण घरी नेले, तरी आमचे ऋण फिटले.

शेवटी, आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. १९५६ पर्यंत नागपूर ही या भागाचीही राजधानी होती. नंतर सीमा हलल्या, पण पोलादाच्या कारखान्याने साऱ्या भारतातून माणसे येथे आणली. आपणही त्यांत आलो आणि राहिलो. संमिश्र मायसेलात कोणताही घटक आपला स्वभाव सोडीत नाही. पित्तक्षार पित्तक्षारच राहतो, लेसिथिन लेसिथिनच. तरी एकट्याला न पेलणारे ओझे दोघे मिळून नेतात. पन्नास वर्षांत मंडळाने छत्तीसगडी, बंगाली, तेलुगू शेजाऱ्यांसह जे पेलले, ते आपण जाणताच. आम्ही अधिक काय सांगावे?

खड्यांची ती बाटली आजही आमच्या कपाटात आहे. आज घरी गेल्यावर आम्ही ती पुन्हा उजेडात धरणार आहोत.